वाचकांचे प्रश्न : विंडोज फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ होते तेव्हा आत काय घडते?

लायसन्स नसताना विंडोजला ते असल्याचे भासवणाऱ्या, विंडोज ॲक्टिव्हेटर, लोडर, क्रॅक या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या टूल्सबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : केएमएस ॲक्टिव्हेटर चालवला की दोन मिनिटांत सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्ह’ असे दिसते. खरी की (लायसन्सचा २५ अक्षरांचा संकेतांक) नसताना विंडोज फसते कसे?

उत्तर : विंडोजला लायसन्स पटवून देण्याचे अधिकृत मार्ग अनेक आहेत आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येकाची नक्कल करणारे टूल कुणीतरी बनवलेले आहे. सर्वाधिक चालते ती केएमएसची नक्कल, म्हणून आधी तीच पाहू.

केएमएस म्हणजे की मॅनेजमेंट सर्व्हिस. शेकडो संगणक असलेल्या संस्थेला प्रत्येक यंत्रावर वेगळी की टाकत बसावे लागू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाच्या वेळी ही सोय आणली. संस्थेच्या नेटवर्कमध्ये एक केएमएस सर्व्हर असतो. तो स्वतः एकदा मायक्रोसॉफ्टकडे ॲक्टिव्हेट होतो. आतले बाकीचे संगणक मात्र बाहेर न जाता त्याच्याकडेच विचारणा करतात. डीएनएसमधून (नेटवर्कच्या पत्ते-वहीतून) त्याचा पत्ता काढतात, टीसीपी पोर्ट १६८८ वर (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) विनंती पाठवतात, आणि होकार मिळाला की १८० दिवसांसाठी ॲक्टिव्हेट होतात. दर ७ दिवसांनी ही विचारणा पुन्हा होते आणि १८० दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते. किमान २५ संगणकांनी विचारणा केल्याशिवाय सर्व्हर होकार देत नाही. विंडोज सर्व्हरच्या यंत्रांसाठी हा आकडा ५ आहे. या संगणकांवर टाकायच्या सामाईक की मायक्रोसॉफ्टने स्वतःच उघड प्रसिद्ध केल्या आहेत, कारण नुसत्या त्या कीने काही होत नाही. निर्णय सर्व्हरचा असतो.

आणि तिथेच फट आहे. समोरचा सर्व्हर मायक्रोसॉफ्टने मान्य केलेला आहे का, हे संगणक प्रमाणपत्र तपासून ठरवत नाही. उत्तर ठरलेल्या साच्यातले असावे आणि सगळीकडे सारख्याच असलेल्या गुप्त किल्लीने बांधलेले असावे, एवढेच तो पाहतो. ती किल्ली आणि तो साचा संशोधकांनी केव्हाच उलगडला. मग हाकेला ओ देणारा कोणीही ‘सर्व्हर’ ठरतो. ॲक्टिव्हेटर हेच करतो : तुमच्या विंडोजमध्ये सामाईक की टाकतो, केएमएसचा पत्ता बदलतो आणि त्या पत्त्यावर खोटा सर्व्हर उभा करतो. २५ संगणकांची अट तो आकडा खोटा सांगून पार पाडतो.

आता यातला खरा महत्त्वाचा भाग. विंडोज ८.१ पासून संगणक स्वतःच्याच अंतर्गत पत्त्यावरून आलेले केएमएसचे उत्तर मानत नाही. त्यामुळे टूलला जास्त खोल जावे लागते. काही टूल्स आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बसवतात, म्हणजे उत्तर बाहेरून आल्यासारखे दिसते. काही लायसन्स सांभाळणाऱ्या विंडोजच्या प्रक्रियेतच आपला कोड घुसवतात. काही सरळ इंटरनेटवरच्या अनोळखी सर्व्हरचा पत्ता घालून मोकळी होतात. मग तुमचा संगणक दर आठवड्याला त्या सर्व्हरला स्वतःचे नाव, विंडोजची आवृत्ती आणि ओळख-क्रमांक कळवत राहतो. शिवाय १८० दिवसांची मुदत वाढती ठेवायला टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) एक काम किंवा पार्श्वभूमीला चालणारी सेवा कायमची ठेवली जाते, तीही बहुधा ‘सिस्टीम’ या सर्वोच्च अधिकाराने.

विंडोज ७ च्या काळातले लोडर वेगळ्या वाटेने जात. मोठ्या उत्पादकांच्या संगणकांत बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) ‘स्लिक’ नावाची एक तक्ता-नोंद असे. तिच्याशी जुळणारे प्रमाणपत्र आणि त्या उत्पादकाची की सापडली की विंडोज इंटरनेटशिवायच ॲक्टिव्हेट होई. लोडर विंडोजच्या आधी सुरू होऊन मेमरीत तशीच खोटी नोंद ठेवून देई. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याच्याही आधी परक्याचा प्रोग्राम चालत असे. विंडोज ८ पासून उत्पादक प्रत्येक मदरबोर्डमध्ये वेगळी, स्वतंत्र की ठेवू लागले आणि सिक्युअर बूट या सुरक्षा-सोयीने सही नसलेला बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम) अडवायला सुरुवात केली. त्यामुळे ही पद्धत मागे पडली. तरी ‘सिक्युअर बूट बंद करा’ अशी सूचना कुठल्या ॲक्टिव्हेटरसोबत दिसली तर तो याच जातीचा आहे किंवा त्याहून वाईट काहीतरी आहे, असे समजावे.

तिसरी पद्धत डिजिटल लायसन्सची. विंडोज १० मध्ये संगणकाच्या हार्डवेअरवरून एक खूण तयार होते, ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते आणि तेच लायसन्स. जुन्या विंडोजवरून मोफत अपग्रेड देताना ‘हे यंत्र पात्र आहे’ असे सांगणारे एक तिकीट बनत असे. टूल तसेच तिकीट बनवून नोंदणी पदरात पाडून घेते. इथे मागे चालणारी सेवा लागत नाही, म्हणून ही पद्धत ‘स्वच्छ’ म्हणून सांगितली जाते. ती चालवण्यासाठी दिलेले ॲडमिनचे अधिकार मात्र तेवढेच पूर्ण असतात.

प्रश्न : माझ्या विंडोजची मुदत १९ जानेवारी २०३८ अशी दिसते. एवढी लांबची तारीख कशी?

उत्तर : ३२ बिटांच्या मोजणीत १९७० पासूनचे सेकंद ज्या दिवशी मावेनासे होतात तो हा दिवस. केएमएसची मुदत थेट त्या टोकापर्यंत नेणारी एक पळवाट होती आणि ती वापरणारी टूल्स निघाली. खऱ्या केएमएस सर्व्हरकडून १८० दिवसांपेक्षा जास्त मुदत मिळत नाही, तेव्हा ही तारीख म्हणजे ॲक्टिव्हेटरचा पक्का पुरावा. मायक्रोसॉफ्टने नंतरच्या अपडेटमध्ये ही वाट बंद केली.

प्रश्न : ॲक्टिव्हेटर उतरवताना विंडोजमधला अँटिव्हायरस डिफेंडर ‘हॅकटूल’ म्हणून ओरडतो. सोबतच्या सूचनांत लिहिलेले असते की हा खोटा इशारा आहे, अँटिव्हायरस बंद करून चालवा. यात तथ्य किती?

उत्तर : अर्धे तथ्य आहे आणि म्हणूनच ते घातक आहे.

‘हॅकटूल’ हा शिक्का सरसकट व्हायरसचा नसतो. लायसन्सची तपासणी चुकवणारा प्रोग्राम, एवढाच त्याचा अर्थ. डिफेंडरमध्ये ‘ऑटोकेएमएस’ या नावाने अशी टूल्स धरली जातात. म्हणजे निव्वळ ॲक्टिव्हेशन करणारे, बाकी काही न करणारे टूलही पकडले जाणार. आता हल्लेखोराच्या बाजूने पाहा. त्याला असा माणूस हवा असतो जो स्वतःहून अँटिव्हायरस बंद करील, ॲडमिनच्या अधिकाराने अनोळखी फाइल चालवील, इशारा आला तरी ‘येणारच होता’ म्हणून पुढे जाईल आणि नंतर काही बिघडले तरी कुणाकडे तक्रार करणार नाही. ॲक्टिव्हेटर शोधणारा वाचक या चारही अटी पुऱ्या करतो. अँटिव्हायरस हाताने बंद करायला का सांगतात, हेही समजून घ्या : विंडोजमधील टॅम्पर प्रोटेक्शन ही सोय प्रोग्रामला डिफेंडर परस्पर बंद करू देत नाही. ते काम तुमच्याकडूनच करून घ्यावे लागते.

हे अंदाजाने लिहिलेले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले की केएमएसपिको या ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा माहितीचोर पसरत होता. ब्राउझरमधले पासवर्ड, कुकीज आणि क्रिप्टो-वॉलेट तो उचलतो. लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की त्या पाकिटात खरे केएमएसपिकोही बसवले जात होते. विंडोज ॲक्टिव्हेट होते, वापरणाऱ्याचे समाधान होते आणि मागे चोरी चालू राहते. ‘काम झाले, म्हणजे फाइल चांगली होती’ हा तर्क इथे पूर्ण कोसळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये इक्लेक्टिकआयक्यू या कंपनीने युक्रेनमधला प्रकार उघड केला. सँडवर्म या रशियन हल्लेखोर गटाशी जोडलेल्या त्या मोहिमेत केएमएस ॲक्टिव्हेटरच्या वेषात दूरनियंत्रणाचा मालवेअर घातला जात होता. समोर ॲक्टिव्हेटरची खिडकी दिसे आणि मागे डिफेंडरच्या अपवाद-यादीत नोंद होई.

ही अपवाद-यादी वाचकांनी आजच उघडून पाहावी अशी आमची आग्रहाची विनंती आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘मॅनेज सेटिंग्ज’वर जा, खाली ‘एक्सक्लूजन्स’ दिसेल. तिथे तुम्ही स्वतः न घातलेले फोल्डर असेल, त्यातही संपूर्ण सी ड्राइव्ह किंवा विंडोजचे टेम्प फोल्डर असेल, तर त्या जागेत काहीही आले तरी डिफेंडर बघणार नाही. अनेकदा टूल काढून टाकले जाते आणि ही खिडकी मात्र वर्षानुवर्षे उघडी राहते.

पासवर्ड लावलेली झिप फाइल हीसुद्धा अशीच खूण. पासवर्ड शेजारीच लिहिलेला असतो, मग तो लावायचाच कशाला? कारण बंद झिपच्या आत ब्राउझरला आणि ईमेलच्या तपासणीला डोकावता येत नाही.

प्रश्न : हल्ली फाइल न उतरवता पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड लिहिण्याच्या खिडकीत) एक ओळ चिकटवून ॲक्टिव्हेशन करतात. तो कोड उघड आहे, कुणीही वाचू शकतो. मग धोका कुठे राहिला?

उत्तर : तुम्ही वाचलेला कोड आणि तुमच्या यंत्रावर चाललेला कोड एकच आहे याची हमी त्या ओळीत नसते, धोका तिथे आहे. ती ओळ सांगते : अमुक पत्त्यावर या क्षणी जे काही असेल ते आण आणि ॲडमिन म्हणून लगेच चालव. सकाळी तिथे एक मजकूर असेल, संध्याकाळी दुसरा. पत्त्याचे नाव उद्या दुसऱ्याने विकत घेतले, सर्व्हर फोडला किंवा तुमच्याकडून पत्त्यातले एक अक्षर राहिले, तर येणारा मजकूर वेगळ्याच माणसाचा असतो. नेहमीच्या पत्त्यात एखादे अक्षर कमी-जास्त करून नोंदवलेली नावे यासाठी टपूनच ठेवलेली असतात. फाइलच्या रूपाने आलेली वस्तू निदान डिस्कवर राहते, नंतर तपासता येते. थेट मेमरीत चाललेली स्क्रिप्ट तेवढाही माग ठेवत नाही.

उघड कोडचा फायदा वाचणाऱ्याला होतो, चिकटवणाऱ्याला नाही.

प्रश्न : वापरलेला संगणक घेतला आहे. विकणाऱ्याने विंडोज टाकून दिले. ते खरे आहे की ॲक्टिव्हेटरने केलेले, हे कसे ओळखावे?

उत्तर : स्टार्ट मेनूत ‘सीएमडी’ शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत ‘एसएलएमजीआर’, एक जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला लागून ‘डीएलव्ही’ असे टाइप करून एंटर दाबा. काही सेकंदांत एक खिडकी उघडेल. तिच्यातल्या ‘डिस्क्रिप्शन’ या ओळीचा शेवट वाचा.

शेवटी ‘ओईएम डीएम चॅनल’ असेल तर की मदरबोर्डमध्ये आहे. ब्रँडेड लॅपटॉपवर बहुतेक वेळा हेच दिसायला हवे. ‘रिटेल चॅनल’ म्हणजे किरकोळ विक्रीची की किंवा डिजिटल लायसन्स. ‘व्हॉल्यूम एमएके’ म्हणजे एखाद्या संस्थेसाठी दिलेली, ठरावीक वेळा वापरता येणारी की. आणि ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट चॅनल’ असेल, संगणक तुमच्या घरचा असेल आणि कुठल्या संस्थेच्या नेटवर्कशी त्याचा संबंध नसेल, तर तो बहुधा ॲक्टिव्हेटरच आहे. त्याच खिडकीत खाली केएमएस यंत्राचे नाव किंवा पत्ता, शेजारी पोर्ट १६८८, ‘१२० मिनिटे’ आणि ‘१००८० मिनिटे’ असे आकडे दिसतील. दुसरा आकडा म्हणजे वर सांगितलेले ७ दिवस. मुदत मिनिटांत दिलेली असते. २५९२०० मिनिटे म्हणजे पूर्ण १८० दिवस. हा आकडा दर आठवड्याला परत वर चढत असेल तर मुदत वाढवणारे काम आत जिवंत आहे.

संस्थेने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र केएमएसक्लायंट दिसणे अगदी योग्य आहे. घाबरून काही काढू नका. तो लॅपटॉप १८० दिवसांत एकदाही संस्थेच्या नेटवर्कला किंवा व्हीपीएनला जोडला नाही तर ॲक्टिव्हेशन सुटते, एवढेच.

कीचे शेवटचे पाच अक्षरांक पाहून निष्कर्ष काढू नये. विंडोज प्रोवर ‘३व्ही६६टी’ आणि होमवर ‘८एचव्हीएक्स७’ ही अखेरची अक्षरे दिसली की अनेक जण ‘चोरीची की’ म्हणतात. या मायक्रोसॉफ्टच्याच सर्वसाधारण की आहेत आणि प्रामाणिकपणे मिळवलेल्या डिजिटल लायसन्सवरही त्याच दिसतात. याची दुसरी बाजू अशी की बनावट तिकिटाने मिळवलेले डिजिटल लायसन्सही या खिडकीत निर्दोष दिसते. तिथे कमांड उपयोगाची नाही, विकणाऱ्याकडे लायसन्सचा कागद किंवा पावती मागणे हाच उपाय.

यानंतर टास्क शेड्युलर उघडून ‘केएमएस’ अक्षरे असलेले काम शोधा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये नेटवर्क ॲडॅप्टरखाली तुम्ही व्हीपीएन वापरत नसताना ‘टॅप’ नावाचे कार्ड आहे का पाहा. रजिस्ट्रीची माहिती असणाऱ्यांनी ‘इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स’ या शाखेत लायसन्स-प्रक्रियेच्या, म्हणजे ‘एसपीपी’ने सुरू होणाऱ्या फाइलच्या नावाखाली ‘डीबगर’ अशी नोंद तपासावी. तशी नोंद म्हणजे ती प्रक्रिया सुरू होताना तिच्याऐवजी आधी दुसरेच काहीतरी सुरू होते.

प्रश्न : असा ॲक्टिव्हेटर सापडला. अनइन्स्टॉल करून, अँटिव्हायरसने स्कॅन करून भागेल का?

उत्तर : ॲक्टिव्हेशन पुसले जाईल. विश्वास परत येणार नाही.

नुसते केएमएसचे सेटिंग काढायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून वरच्याच कमांडमध्ये ‘डीएलव्ही’ऐवजी ‘सीकेएमएस’ लिहिले की सर्व्हरचा पत्ता जातो, ‘यूपीके’ लिहिले की टाकलेली की निघते. स्कॅनर टूलच्या फाइली उचलतो. पण ज्या प्रोग्रामला सर्वोच्च अधिकार होते, त्याने त्या काळात आणखी काय बसवले याची यादी कुणाकडेच नसते. ड्रायव्हर, नवे वापरकर्ता-खाते, फायरवॉलमधली सूट, ब्राउझरचे एक्स्टेंशन, काहीही. आमचा सल्ला नेहमी एकच राहिला आहे : विंडोज कोरे करून नव्याने टाका. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि पुढे प्रत्येक वेळी बँकेचे पान उघडताना मनात शंका राहत नाही.

क्रम चुकला तर मेहनत वाया जाते, म्हणून तो नीट पाळा. सर्वांत आधी संगणक इंटरनेटपासून तोडा. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा. त्यावरचा जुना मजकूर पुसला जातो. त्याच वेळी वाय-फाय किंवा लॅनचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोजकडे तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर नसला तर नव्या विंडोजमध्ये नेटच मिळत नाही आणि लोक इथे येऊन अडकतात. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

बॅकअपमध्ये फक्त कागदपत्रे, फोटो, व्हिडिओ, हिशेबाच्या फाइली घ्या. इन्स्टॉलर, स्क्रिप्ट, ‘पोर्टेबल’ प्रोग्राम, जुन्या झिप यांतले काहीही घेऊ नका. ॲक्टिव्हेटरची फाइल बहुधा याच फोल्डरांत असते आणि बॅकअपबरोबर परत येते.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा, ‘कस्टम’ निवडा आणि सिस्टीमच्या डिस्कवरची सगळी पार्टिशन एकेक करून काढा, अगदी ‘अनॲलोकेटेड स्पेस’ उरेपर्यंत. आधी कोणती डिस्क कुठली हे आकारावरून ओळखून घ्या. बॅकअपची डिस्क जोडलेली ठेवूच नका, चुकून तीच पुसली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. नुसते सी ड्राइव्ह फॉरमॅट मारले तर बूटचे छोटे पार्टिशन तसेच राहते. सेटिंग्जमधला ‘रिसेट धिस पीसी’ हा पर्यायही आहे, पण त्यातला ‘लोकल रिइन्स्टॉल’ त्याच संशयित डिस्कवरच्या फाइलींतून विंडोज उभे करतो. रिसेटच करायचे तर ‘क्लाउड डाउनलोड’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद असेल तर चालू करा.

इथे पुष्कळांना एक धक्का बसतो. आधी प्रो होते आणि नव्याने टाकल्यावर न विचारताच होम बसते. कारण मदरबोर्डमध्ये उत्पादकाने होमची की ठेवलेली आहे आणि सेटअप ती आपोआप वाचतो. बिघाड काही नाही; उलट तुमच्याकडे खरे लायसन्स पहिल्यापासून होते आणि कुणीतरी त्यावर खोटे प्रो चढवले होते, हे त्यातून कळते. नेट जोडल्यावर हे होम विनाखर्च ॲक्टिव्हेट होते.

पासवर्ड बदलण्याचे काम दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून करा, जुन्या विंडोजवर मुळीच नको. आधी ईमेल, मग बँक, मग बाकी. केवळ पासवर्ड बदलून थांबू नका. प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा. माहितीचोर मालवेअर ब्राउझरच्या कुकीज उचलतो आणि चालू सत्राची कुकी हाती असेल तर पासवर्ड लागत नाही, मोबाइलवर येणारा कोडही लागत नाही.

प्रश्न : आमच्या कार्यालयात १२ संगणक आहेत. एका संगणकावर केएमएस टूल चालते आणि बाकी ११ त्याच्याकडून ॲक्टिव्हेट होतात. त्या ११ वर काहीच बसवलेले नाही. त्यांना धोका आहे का?

उत्तर : त्या ११ यंत्रांवर परका प्रोग्राम नाही, हे बरोबर. पण ज्या यंत्रावर तो आहे, तेच इतरांशी सतत बोलते, त्याच्या फायरवॉलला भोक पाडलेले असते आणि अँटिव्हायरसमध्ये त्याला सूट असते. सामाईक फोल्डर, प्रिंटर, सारखाच ॲडमिन पासवर्ड या वाटांनी त्या एका यंत्रावरचे बाराही यंत्रांपर्यंत पोचू शकते. राउटरमध्ये १६८८ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडे केलेले नाही ना, हे आजच तपासा.

कामाच्या दृष्टीनेही ही मांडणी कच्ची आहे. तो एक संगणक बंद पडला तर लगेच काही जाणवत नाही, आणि १८० दिवसांनी सगळे संगणक एकाच सुमारास ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणू लागतात. सर्व्हर सापडत नसल्याचा त्रुटी-क्रमांक ‘एफ०७४’ने संपतो. घड्याळात चार तासांहून जास्त फरक पडला तरी विनंती नाकारली जाते. शिवाय लायसन्सची तपासणी कार्यालयांचीच होते, आणि १२ यंत्रांवरच्या केएमएस नोंदी तोंडी खुलाशांनी झाकता येत नाहीत. आधी ते एक यंत्र कोरे करा, सगळीकडचे ॲडमिन पासवर्ड वेगवेगळे करा, मग बाकीच्या यंत्रांची मूळ लायसन्स तपासा. ब्रँडेड असतील तर त्यांतल्या बऱ्याच मदरबोर्डांत की आधीच असेल.

प्रश्न : इंटरनेटवर मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात विंडोजची की मिळते आणि ती चालतेही. हा मधला मार्ग चांगला नाही का?

उत्तर : टूल चालवण्यापेक्षा तो नक्कीच कमी घातक आहे, कारण तुम्ही फक्त २५ अक्षरे टाकता, कुणाचा प्रोग्राम चालवत नाही. पण बहुतेक वेळा तुम्ही लायसन्स विकत घेत नसता. या की संस्थांच्या कोट्यातल्या, शैक्षणिक योजनांतल्या किंवा टाकून दिलेल्या संगणकांवरच्या असतात. एमएके प्रकारची की ठरावीक संख्येने ॲक्टिव्हेट होते. कोटा संपला की तुमच्यानंतरच्या ग्राहकाला नकार मिळतो, आणि कीचा गैरवापर लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्ट ती बंद करते. विक्रेता ‘नेट बंद ठेवून फोनवरून ॲक्टिव्हेट करा’ म्हणाला तर कोटा आधीच संपल्याचे ते लक्षण समजा. आणि की सोबत ‘ॲक्टिव्हेट करून देणारी’ फाइल आली किंवा दूरवरून तुमचा संगणक हाताळण्याची परवानगी मागितली, तर व्यवहार तिथेच थांबवा. तो पुन्हा ॲक्टिव्हेटरच आहे.

प्रश्न : ‘लाइट’, ‘गेमिंग एडिशन’, ‘प्री-ॲक्टिव्हेटेड’ अशा तयार आयएसओ फाइली (ज्यांतून विंडोज टाकले जाते) कशा असतात?

उत्तर : आमच्या मते हा सगळ्यांत वाईट पर्याय. ॲक्टिव्हेटर निदान चांगल्या विंडोजवर नंतर बसतो. इथे विंडोजच परक्याने शिजवलेले असते. डिफेंडर आणि अपडेट आधीच काढलेले असतात, आणि ते ‘वेग वाढवला’ म्हणून सांगितले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये मँडियंट या कंपनीने युक्रेनमध्ये टोरेंटवरून फिरणाऱ्या विंडोज १० च्या अशाच आयएसओ फाइलींचा अहवाल दिला. त्यांत अपडेट आणि लायसन्सची तपासणी बंद केलेली होती आणि सरकारी कार्यालयांतली माहिती टिपणारी सोय आत होती.

आयएसओ दुसऱ्याकडून आली असेल तर तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा. पॉवरशेलमधल्या ‘गेट-फाइलहॅश’ या कमांडला फाइलचे नाव दिले की ६४ अक्षरांकांची ओळ मिळते. विंडोज ११ च्या डाउनलोड पानावर मायक्रोसॉफ्ट भाषा-निहाय हॅश देते. एक अक्षर जरी वेगळे असले तरी फाइल वापरू नका.

प्रश्न : लायसन्सचे पैसे आत्ता जमत नाहीत. ॲक्टिव्हेट न करता विंडोज तसेच ठेवले तर?

उत्तर : आजचे विंडोज त्यामुळे बंद पडत नाही. व्हिस्टाच्या पहिल्या आवृत्तीत कामच अडवले जाई, पण २००८ च्या सर्व्हिस पॅकनंतर ते धोरण सुटले. आता उजव्या कोपऱ्यात पुसट मजकूर दिसतो, वॉलपेपर, रंग, थीम अशी सजावटीची सेटिंग्ज बंद राहतात आणि अधूनमधून आठवण येते. सुरक्षा अपडेट येत राहतात, डिफेंडर पूर्ण चालतो. कायम असे वापरण्याचा हक्क यातून मिळत नाही, हे खरे. पण सुरक्षेपुरते बोलायचे तर ॲक्टिव्हेट न केलेले स्वच्छ विंडोज हे ॲक्टिव्हेटरने ‘सक्रिय’ केलेल्या विंडोजपेक्षा शतपटीने बरे.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. एक, सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’ पानावरचा ट्रबलशूटर चालवा. मदरबोर्ड बदलल्यामुळे डिजिटल लायसन्स सुटले असेल आणि ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले असेल तर ‘या उपकरणाचे हार्डवेअर नुकतेच बदलले’ हा पर्याय निवडून परत मिळू शकते. दोन, संगणकासोबत आलेली मूळ आवृत्ती टाकून पाहा, वर सांगितल्याप्रमाणे की आतच असण्याची शक्यता असते.

संगणक जुना असेल, विंडोज ११ साठी लागणारे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) त्यात नसेल आणि काम ब्राउझर, पत्रव्यवहार, हिशेबाच्या तक्त्यांपुरतेच असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीम पाहाव्यात. विंडोज १० चे सर्वसाधारण मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, त्यामुळे अशा यंत्रावर विंडोज १० ॲक्टिव्हेट करण्यासाठी खटपट करण्यात तसाही अर्थ उरलेला नाही. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तिथे चालले तर डिस्कवर टाकावे, नाही चालले तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा, जुन्या डिस्कवर काहीही बदललेले नसते.